चीनमध्ये बिऱ्हाड मांडताना

2020 च्या जनगणनेत चीनच्या मुख्य भूमीवर 8,45,697 परदेशी नागरिक राहत असल्याची नोंद झाली. हाँगकाँग, मकाव आणि तैवानचे रहिवासी यात धरलेले नाहीत. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण त्या वेळी मुख्य भूमीची लोकसंख्या 141 कोटी होती. म्हणजे हजार माणसांमागे एकही परदेशी भरत नाही. चीनमध्ये राहायला गेलेल्या माणसाला रोज ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बऱ्याचशा या प्रमाणातून निघतात. तिथल्या बँका, रुग्णालयं, रेल्वे आणि मोबाईलवरची ॲप्स उभी राहिली ती स्थानिक नागरिकासाठी. परक्याची सोय त्यांत मागाहून केलेली असते आणि ती मागाहून केली आहे हे जाणवतंही.

प्रत्येक चिनी नागरिकाला 18 अंकी ओळख क्रमांक असतो. पहिले सहा अंक त्याचा प्रदेश सांगतात, पुढचे आठ जन्मतारीख, त्यापुढचे तीन अनुक्रमांक आणि शेवटचा पडताळणीचा. रेल्वेचं तिकीट, बँकेचं खातं, मोबाईलचं सिमकार्ड, दवाखान्यातला नंबर, सगळं या 18 अंकांवर चालतं. परदेशी माणसाकडे हा क्रमांक नसतो. त्याच्या जागी पासपोर्ट क्रमांक वापरायचा, तर तो लांबीला कमी, त्यात इंग्रजी अक्षर आणि पासपोर्टचं नूतनीकरण झालं की तोही बदलणार. चीनमध्ये जाणाऱ्याला सगळे भाषेची आणि जेवणाची भीती घालतात. ती खोटी नाही. पण पहिल्या काही महिन्यांत घाम फुटतो तो आपण कोण आहोत हे यंत्रणेला पटवताना.

पहिले चोवीस तास

1 जुलै 2013 पासून लागू असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्यानुसार, हॉटेलाबाहेर कुठेही राहणाऱ्या परदेशी व्यक्तीने मुक्कामाला पोहोचल्यापासून 24 तासांच्या आत स्थानिक पोलिसांकडे नोंद करावी लागते. हॉटेलात उतरलात तर ही नोंद हॉटेलच करतं. मित्राकडे, नातेवाइकाकडे किंवा भाड्याच्या घरात राहिलात तर आपण किंवा घरमालकाने ती करायची. पासपोर्ट, व्हिसा आणि भाडेकरार घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं. शांघायसारख्या शहरात हे काम ऑनलाइनही होतं. नोंद चुकवली तर ताकीद मिळते आणि 2,000 युआनपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाहून जाच वेगळाच असतो. पुढची बहुतेक कामं करताना या नोंदीची पावती मागितली जाते आणि ती नसेल तर खिडकीवरूनच परत पाठवतात. घर बदललं, व्हिसा किंवा पासपोर्ट बदलला की नोंद पुन्हा करायची.

आपल्यावर संशय आहे म्हणून हे सगळं करायला लावतात, असं नव्याने गेलेल्या अनेकांना वाटतं. खरं म्हणजे माणूस कुठल्या पत्त्याचा हे सरकारदरबारी ठरलेलं असणं हा तिथल्या कारभाराचा पायाच आहे. 1958 पासून चिनी नागरिकही 'हुकोउ' नावाच्या कुटुंब-नोंदणीने आपापल्या गावाशी बांधलेले आहेत. 2020 च्या जनगणनेत सुमारे 37.6 कोटी लोक नोंदणीच्या ठिकाणापासून दूर, कामाधंद्याच्या गावी राहत होते. परगावी मुलाला शाळेत घालायचं किंवा घर विकत घ्यायचं तर या चिनी स्थलांतरितांनाही कागदांचे गठ्ठे घेऊन हिंडावं लागतं. ठाण्यातल्या रांगेत परदेशी माणूस बहुतेक वेळा अशाच कुणाच्या तरी मागे उभा असतो.

नोकरीसाठी जाणाऱ्याला 'झेड' व्हिसा मिळतो. तो फक्त देशात शिरण्यापुरता. आत आल्यावर 30 दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. त्याआधी वैद्यकीय तपासणी होते. भारतातून अहवाल नेला तरी काही वेळा तिथे पुन्हा रक्त द्यावं लागतं. अर्जासोबत पासपोर्ट कार्यालयात जमा होतो आणि हातात एक पावती येते. हे काम 15 कामाच्या दिवसांपर्यंत चालू शकतं. तेवढे दिवस ती पावतीच आपली ओळख. सोळा वर्षांवरील परदेशी व्यक्तीने पासपोर्ट किंवा निवासाचा कागद कायम जवळ बाळगावा, असंही हाच कायदा सांगतो. 2017 पासून कामाच्या परवान्यासाठी परदेशी कर्मचाऱ्यांचे ए, बी आणि सी असे तीन गट पाडले आहेत. साधारण नोकरदार भारतीय 'बी' गटात येतो. पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव ही त्याची नेहमीची अट असते. पदवीचं प्रमाणपत्र भारतातच रीतसर प्रमाणित करून न्यावं. तिथे पोहोचल्यावर हे काम निस्तरणं फार कठीण जातं.

घर: एक अनामत, तीन आगाऊ

मोठ्या शहरांत घर दलालामार्फत मिळतं. सर्रास चालणारा रिवाज असा: एका महिन्याचं भाडं अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. दलालाची दलाली वेगळी. म्हणजे नव्या माणसाला पहिला पगार हातात पडण्याआधी चार-पाच महिन्यांच्या भाड्याची रक्कम उभी करावी लागते. कंपनी आगाऊ रक्कम देणार का, हे नेमणूकपत्रावर सही करण्याआधीच विचारून घ्यावं.

भाड्याची घरं बहुधा सामानासकट मिळतात: पलंग, कपाट, धुलाईयंत्र, वातानुकूलन यंत्र. ओव्हन असेलच असं नाही. गॅसच्या शेगड्या मात्र कढईत मोठ्या आचेवर परतण्यासाठी जोरदार असतात. घर पाहताना मालकाला एक प्रश्न आवर्जून विचारावा: "पोलीस नोंदणीसाठी तुमचे कागद द्याल का?" काही मालक भाड्यावरचा कर चुकवण्यासाठी किंवा कटकट नको म्हणून टाळाटाळ करतात. अशा घराचं भाडं कितीही कमी असलं तरी ते घेऊ नये. नोंद झाली नाही तर पुढचं सगळंच अडतं.

उत्तरेत घर घेतलं की दक्षिणेत, यावर हिवाळा अवलंबून असतो. छिनलिंग पर्वत आणि हुआइ नदी यांची रेषा देशाची आडवी विभागणी करते. 1950 च्या दशकात सोव्हिएत धर्तीवर घरं गरम करण्याची मध्यवर्ती व्यवस्था उभी राहिली, ती या रेषेच्या उत्तरेला. बीजिंगमध्ये 15 नोव्हेंबर ते 15 मार्च घराघरांतल्या नळ्यांतून गरम पाणी फिरतं आणि लोक आत साध्या कपड्यांत वावरतात. शांघाय रेषेच्या दक्षिणेला. तिथे जानेवारीत तापमान शून्याजवळ येतं, हवा दमट असते, भिंती पातळ असतात आणि लोक घरातही जाड कोट घालून बसतात. थंडीचा अनुभव नसलेल्या माणसाला बीजिंगपेक्षा शांघायचा हिवाळा जास्त बोचतो.

फोन, बँक आणि आपलं तीन पदरी नाव

सिमकार्ड स्वतःच्या पासपोर्टवर घ्यावं लागतं. 1 डिसेंबर 2019 पासून नवं सिम देताना चेहऱ्याची पडताळणीही होते. या क्रमांकावर बँकेचं खातं उघडतं. खातं आणि फोन एकमेकांना जोडले की वीचॅट आणि अलीपे ही दोन ॲप्स पूर्ण ताकदीने चालू होतात. त्यानंतर भाजी, मेट्रो, वीजबिल, दवाखाना, घरभाडं, लग्नातला आहेर, सगळं त्यांवरून होतं. ही एक साखळी आहे: पासपोर्ट, निवास नोंद, फोन, बँक, ॲप. एक कडी निसटली की पुढच्या सगळ्या लोंबकळतात.

मराठी माणसाची कडी बहुतेक वेळा नावापाशी निसटते. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन पदं. पासपोर्टात आडनाव एका रकान्यात आणि उरलेली दोन नावं दुसऱ्यात. चिनी नाव बहुधा दोन-तीन अक्षरांत संपतं, तेही आडनाव आधी. बँकेतली कर्मचारी आपलं वीस-बावीस रोमन अक्षरांचं नाव एका क्रमाने भरते, फोन कंपनीतला मुलगा दुसऱ्या क्रमाने, मधली जागा कुणी सोडतं, कुणी गाळतं. माणसाला यात काही वावगं दिसत नाही. यंत्राला मात्र ही तीन वेगळी माणसं वाटतात आणि ते व्यवहार नाकारतं. यावर उपाय एकच. पासपोर्टाच्या तळाशी यंत्रवाचनाच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांतल्या क्रमाने नाव एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायचं. पहिल्या खिडकीपासून शेवटच्या खिडकीपर्यंत तोच कागद पुढे करायचा आणि भरलेलं नाव सही करण्याआधी अक्षरन्‌अक्षर तपासायचं.

स्थानिक बँक खातं होईपर्यंतही हल्ली गाडी अडत नाही. 2023 च्या उन्हाळ्यापासून अलीपे आणि वीचॅटला परदेशी व्हिसा, मास्टरकार्ड जोडता येतात. 200 युआनपर्यंतच्या खरेदीवर जादा आकार नाही. त्यावर 3 टक्के लागतात. 2024 मध्ये एका व्यवहाराची मर्यादा 1,000 डॉलरवरून 5,000 डॉलर झाली. आपल्या बँकेचं कार्ड परदेशी व्यवहारांसाठी खुलं आहे ना, हे निघण्याआधी तपासावं आणि थोडे रोख युआनही जवळ ठेवावेत. दुकानदाराने रोख रक्कम नाकारणं कायद्यात बसत नाही. पण सुटे पैसे त्याच्याकडे नसतात, एवढंच.

बंद खिडक्या

गुगल, यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप चीनमध्ये चालत नाहीत. फेसबुक 2009 मध्ये बंद झालं, गुगलने 2010 मध्ये मुख्य भूमीवरची शोधसेवा गुंडाळली, व्हॉट्सॲप 2017 मध्ये गेलं. भारतीय सिमवर रोमिंग घेतलं तर ही ॲप्स सहसा चालतात, कारण इंटरनेटची वाट तेव्हा भारतातल्या कंपनीतून जाते. ही बंदी ओलांडायला अनेक परदेशी लोक व्हीपीएन वापरतात. मात्र परवानगी नसलेलं व्हीपीएन बेकायदा आहे आणि राजकीयदृष्ट्या नाजूक दिवसांत ते हमखास मंदावतं. कंपन्यांना परवानगीने वेगळी जोडणी घेता येते. घरच्यांशी रोज बोलायचं तर सोपी वाट म्हणजे आई-वडिलांच्या फोनवर चालेल अशी एक सोय निघण्याआधीच ठरवणं. भारताने 2020 मध्ये वीचॅटवर बंदी घातली, त्यामुळे तो मार्गही दोन्ही बाजूंनी मोकळा नाही. बँकेचे संदेश येत राहावेत म्हणून भारतीय क्रमांक चालू ठेवणं गरजेचं असतं.

नकाशांचीही गंमत आहे. चीनमध्ये सार्वजनिक नकाशे सरकारने ठरवलेल्या निर्देशांक पद्धतीवर काढावे लागतात. तिच्यात जागा मुद्दाम थोड्या सरकवलेल्या असतात. परदेशी नकाशावर आपण रस्त्याऐवजी शेजारच्या इमारतीत उभे दिसतो. स्थानिक नकाशा-ॲप घेतलं की हा प्रश्न मिटतो.

वीचॅटवर काय लिहायचं याचंही भान लागतं. तिथला मजकूर खासगी समजू नये. देशाचं राजकारण, तिबेट, शिनज्यांग, तैवान हे विषय गटांत काढू नयेत. लष्करी ठिकाणांचे फोटो घेऊ नयेत. हेरगिरीविरोधी कायदा 1 जुलै 2023 पासून अधिक व्यापक झाला आहे. सावध राहणाऱ्या सामान्य नोकरदाराच्या वाट्याला सहसा कारवाई येत नाही, पण सावधपणा ही तिथल्या रोजच्या जगण्याची सवय होते.

स्वयंपाकघर

मराठी घराला चिनी भाजीबाजार परका वाटत नाही. आलं, लसूण, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, वांगी, मुळा, कारलं, दुधी, लाल माठ, कमळकाकडी, सगळं ताजं मिळतं. शेंगदाण्याच्या उत्पादनात चीन जगात पहिला आहे, त्यामुळे कुटाची ददात नाही. मूग मिळतात, गुळाच्या जवळ जाणारी तांबडी साखर मिळते, साबुदाण्यासारखे दाणे गोड पदार्थांसाठी विकले जातात. अडतं ते कणकेपाशी. बाजारातलं पीठ बहुतेक मैद्याच्या वळणाचं असतं. तूरडाळ, उडीद, हिंग, गोडा मसाला भारतीय दुकानातून किंवा ताओबाओ या ऑनलाइन बाजारातून मागवायचे. दही गोड असतं. विरजणासाठी बिनसाखरेचं शोधून आणावं लागतं.

सामान भरताना ताजी फळं, भाज्या, बियाणं आणि मांस घेऊ नये. विमानतळावर ते काढून घेतात. खसखसही घरीच ठेवावी. अफूच्या झाडाशी संबंध असल्यामुळे तिची बाजारातली विक्री चीनमध्ये चालत नाही.

बाहेर जेवताना शाकाहारी माणसाची परीक्षा असते. तिथे मांस हा पुष्कळदा चवीसाठी घातलेला घटक असतो. फरसबीच्या परतलेल्या शेंगांत डुकराच्या मांसाचा खिमा असतो, मापो तोफूतही खिमा पडतो, पालेभाजी चरबीत परतलेली किंवा कालवांच्या सॉसमधली असू शकते. "मी शाकाहारी आहे" एवढं सांगून भागत नाही. मांस नको, खिमा नको, मटणाचं पाणी नको, चरबी नको, अशी यादी चिनी अक्षरांत फोनवर ठेवावी. सगळ्यांत खात्रीची जागा म्हणजे बौद्ध शाकाहारी खाणावळ. मोठ्या देवळांजवळ त्या सापडतात. चिनी बौद्ध परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य असल्यामुळे जैन मंडळींचीही बरीचशी सोय होते. एरवी टोमॅटो-अंडं, परतलेल्या बटाट्याच्या सळ्या आणि लसणातली वांगी यांवर अंडं खाणाऱ्याचा निभाव लागतो.

भारतीय व्यापाऱ्यांची वस्ती असलेल्या ठिकाणी प्रश्नच उरत नाही. घाऊक मालासाठी जगप्रसिद्ध असलेलं यीवू, कापडाच्या बाजारामुळे भारतीयांनी गजबजलेलं शाओशिंगचं कछियाओ आणि 1957 पासून भरणाऱ्या कँटन मेळ्याचं ग्वांगझोऊ, या तिन्ही ठिकाणी भारतीय खाणावळी आणि किराणा दुकानं आहेत.

शेजार आणि रस्ता

चिनी शहरातली घरं बहुधा कुंपणाच्या आत वसलेल्या वसाहतींत असतात. दारावर पहारेकरी, आवारात पार्सलांची कपाटं, संध्याकाळी चौकात गाणी लावून एका तालात नाचणाऱ्या मध्यमवयीन बायका. वसाहतीला रहिवासी समिती असते. तिथली एखादी काकू नव्या परदेशी भाडेकरूची आपणहून चौकशी करते, त्यात थोडी देखरेखही असते आणि थोडी आपुलकीही. तिच्याशी ओळख ठेवावी. नळाला पाणी नसलं, पोलिसांचा कागद समजला नाही, तर तीच उपयोगी पडते.

नळाचं पाणी थेट पीत नाहीत. 1950 च्या दशकातल्या आरोग्य मोहिमांपासून पाणी उकळून पिण्याची सवय इतकी रुजली आहे की उन्हाळ्यातही उपाहारगृहात गरम पाणी पुढे येतं. रेल्वेच्या प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो.

शांघायमध्ये 1 जुलै 2019 पासून कचरा चार भागांत वेगळा करणं सक्तीचं आहे: ओला, सुका, पुनर्वापराचा आणि घातक. बहुतेक वसाहतींत तो सकाळ-संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेतच टाकता येतो. चुकारपणा करणाऱ्याला 50 ते 200 युआन दंड होऊ शकतो. हाडं सुक्यात की ओल्यात, यावर पहिल्या वर्षी चिनी कुटुंबांतही वाद झाले, तेव्हा परक्याने संकोच न करता विचारावं.

वाहतूक उजव्या बाजूने चालते. भारतातून गेलेला माणूस सवयीने चुकीच्या दिशेला पाहून रस्ता ओलांडतो आणि विजेवर चालणाऱ्या दुचाकी आवाज न करता अंगावर येतात. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना तिथे चालत नाही. चिनी परवान्यासाठी 100 गुणांची लेखी परीक्षा द्यावी लागते, पास व्हायला 90 हवेत. ती इंग्रजीतूनही देता येते. अर्थात मेट्रो आणि वेगवान रेल्वे असताना गाडीची गरज फारशी पडत नाही. बीजिंग ते शांघाय हे 1,318 किलोमीटरचं अंतर साडेचार तासांच्या आसपास कापलं जातं. पासपोर्ट हेच तिकीट. स्थानिक लोक फाटकावर ओळखपत्र टेकवून जातात. परदेशी प्रवाशाला अनेक स्थानकांत कर्मचारी बसलेल्या बाजूच्या फाटकातून जावं लागतं, म्हणून दहा-पंधरा मिनिटं आधी पोहोचावं.

वसंतोत्सव, म्हणजे चिनी नववर्ष, जवळ आला की शहरं रिकामी होतात. दुकानं, पार्सलवाले, घरकामाच्या बायका, सगळे गावी जातात. आठवडाभराचा किराणा आधी भरावा आणि त्या दिवसांत प्रवास टाळावा. सलग सुट्टी मिळावी म्हणून मागचा-पुढचा शनिवार-रविवार कामाचा ठरवतात, हेही नव्या माणसाला चकवतं.

दवाखाना

आपल्याकडच्यासारखा कोपऱ्यावरचा घरगुती डॉक्टर तिथे सहज सापडत नाही. साध्या तापालाही लोक मोठ्या सरकारी रुग्णालयात जातात. तिथला क्रम ठरलेला: आधी नंबर काढायचा, त्याचे पैसे भरायचे, डॉक्टरांना दाखवायचं, तपासण्यांचे पैसे भरायचे, तपासण्या करून पुन्हा डॉक्टरांकडे, मग औषधांचे पैसे आणि शेवटी औषधांची खिडकी. आधी पैसे, मग काम. बहुतेक हे फोनवरून होतं आणि नंबरासाठी पासपोर्ट लागतो. गर्दी प्रचंड, डॉक्टरांचा वेळ थोडा. पण तपासण्यांचे अहवाल अनेकदा त्याच दिवशी हातात येतात. मोठ्या शहरांत काही रुग्णालयांत इंग्रजी बोलणारा स्वतंत्र विभाग असतो. तिथे खर्च कितीतरी पट वाढतो, म्हणून विमा कुठे चालतो ते आधी पाहावं. नेहमीची औषधं नेताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी. लक्षात ठेवायचे क्रमांक चार: पोलीस 110, रुग्णवाहिका 120, अग्निशमन 119 आणि परवान्यांच्या चौकशीसाठी 12367. शेवटच्यावर इंग्रजीतही उत्तर मिळतं.

नोकरीची दोरी

निवास परवाना मालकाशी बांधलेला असतो. नोकरी सुटली की परवान्याचं घड्याळ उलटं सुरू होतं. नवी नोकरी घेताना जुन्या मालकाकडून सोडल्याचा दाखला लागतो, त्यामुळे भांडून बाहेर पडणं महागात पडतं. जोडीदार 'एस-1' व्हिसावर आला तर त्याला किंवा तिला कामाचा हक्क नाही. घरी बसून भारतातल्या कंपनीचं काम करणंही धोक्याचं ठरू शकतं. कायद्याने वार्षिक रजा थोडी आहे: एकूण नोकरी एक वर्षाहून अधिक पण दहा वर्षांच्या आत असेल तर 5 दिवस, दहा ते वीस वर्षांपर्यंत 10 आणि त्यापुढे 15. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्यातून सहा दिवस, ही कामाची पद्धत बेकायदा असल्याचं चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये स्पष्ट केलं. तरी रात्री दहाला वीचॅटच्या कार्यालयीन गटात निरोप येणं थांबलेलं नाही.

भाषा: उशिरा सुरू केली तर महाग

कागद जुळले की आयुष्य इतकं सोयीचं होतं की भाषेवाचून निभतं. अनुवादाचं ॲप, घरपोच जेवण, इंग्रजी बोलणारे सहकारी. अनेक परदेशी लोक वर्षानुवर्षं तेवढ्यावरच राहतात आणि तक्रार करतात की चिनी माणसं मिसळत नाहीत.

मराठी माणसाला इथे एक फायदा आहे, तो त्याने घ्यावा. चिनी भाषेच्या रोमन लिपीला फीनयीन म्हणतात. ती 1958 मध्ये स्वीकारली गेली. तिच्यातले 'बी' आणि 'पी' हे इंग्रजीतले ब आणि प नाहीत. ते आपल्या प आणि फ यांच्या जवळचे आहेत. 'डी-टी' म्हणजे त-थ सारखे, 'जी-के' म्हणजे क-ख. हा श्वासाचा फरक इंग्रजी बोलणाऱ्याला महिनोन्‌महिने कळत नाही. आपण तो लहानपणीच मुळाक्षरांत शिकलेलो असतो. 'चोर'मधला च आणि 'चंद्र'मधला च हे दोन्ही उच्चार मराठीत आहेत आणि चिनीतही त्यांच्या जवळचे वेगवेगळे ध्वनी आहेत. कष्ट पडतात ते चार सुरांवर आणि अक्षरं लिहिण्यावर. सुरांसाठी माणसांशी बोलण्याला पर्याय नाही.

वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या मुलांना तर यातून सुटका नाही. महासाथीपूर्वी चीनमध्ये सुमारे 23,000 भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांतले बहुसंख्य वैद्यकशास्त्राचे. महाराष्ट्रातलीही मुलं जातात. अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी रुग्ण चिनीच बोलतो. भारताच्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे 2021 चे नियम किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत 12 महिन्यांचं प्रशिक्षण मागतात. रुग्णाला "कुठे दुखतं?" हे विचारता येत नसेल तर ते वर्ष वाया जातं. प्रवेश घेण्याआधी पालकांनी शुल्कापेक्षा याची चौकशी जास्त करावी.

या बाबतीत सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेलं, त्यात ते होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. कोटणीस तिथेच राहिले. चिनी शिकले, त्या भाषेत रुग्णांशी बोलले आणि विद्यार्थ्यांना शिकवू लागले. आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. 1941 मध्ये त्यांनी कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि 9 डिसेंबर 1942 रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. उणीपुरी चार वर्षं ते तिथे होते. शिज्याच्वांग शहरात आजही त्यांचं स्मारक आहे. त्यांच्या त्यागाबद्दल आपण बोलतो. पण चिनी माणसाने त्यांना आपलं मानलं, त्यात त्यांच्या भाषा शिकण्याचा वाटा मोठा आहे.

2020 पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली, तेव्हा जाणाऱ्यांची संख्या वाढेल. त्यांनी निघण्याआधी चार कामं उरकावीत: पदवी प्रमाणित करून घेणं, सगळ्या कागदांवर नाव एकाच पद्धतीने आहे हे पाहणं, चार-पाच महिन्यांच्या भाड्याची तजवीज आणि चिनी भाषेचे पहिले काही धडे. पहिली तीन नसतील तर चीनमध्ये राहणं कठीण आहे. चौथं नसेल तर तिथे राहता येतं, रुळता येत नाही.